पिलोमध्ये मराठी फुटतंय? फॉन्ट बदलण्याआधी हे बघा

प्रॉब्लेम असा की पायथनमधून पिलो लायब्ररी वापरून इमेजवर मराठी लिहायचंय, शाळेचं प्रमाणपत्र असेल, वाढदिवसाचा बॅनर असेल, ग्रामपंचायतीची नोटीस असेल, कोड लॅपटॉपवर झकास चालतो आणि सर्व्हरवर टाकला की "विद्यार्थी" मधली पहिली वेलांटी व ला सोडून पुढच्या द च्या डोक्यावर जाऊन बसते, द्य जुळतच नाही, द चा पाय मोडलेला तसाच दिसतो, आणि रफार थ वर चढायच्या ऐवजी नुसता र आणि त्याच्या पायाशी हलन्त असा सुटा पडतो. एरर काही नाही, लॉगमध्ये काही नाही. इमेज तयार होते, सेव्ह होते, लोकांच्या व्हॉट्सॲपवर पोचते पण, आणि मग फोन येतो.

यावर पहिला संशय शंभरातल्या नव्वद लोकांचा फॉन्टवर. मंगल काढून नोटो सॅन्स देवनागरी टाकतात, मग मुक्ता, मग बालू, मग कुणीतरी कुठूनतरी मिळवलेला कसलातरी फॉन्ट, आणि प्रत्येक वेळी तीच तुटकी अक्षरं नुसती वेगळ्या वळणात दिसतात. फॉन्टचा दोष नाही हे बघायला एक मिनिट लागतं, तीच फॉन्ट फाइल लिबरऑफिसमध्ये वापरून तोच शब्द लिहा, बरोबर दिसेल. कारण लिबरऑफिस काय, फायरफॉक्स काय, क्रोम काय, या सगळ्यांच्या पोटात हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे, तीच अक्षरं जुळवते. पिलोला ती प्रत्येक ठिकाणी मिळतेच असं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

युनिकोडमध्ये "वि" साठवलेलं असतं ते आधी व, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची असते. क्ष म्हणजे क, हलन्त, ष असे तीन तुकडे, त्याचं एक अक्षर करायचं. रफार तर साठवताना आधी येतो आणि काढताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही सगळी जुळवाजुळव कशी करायची याचे नियम फॉन्टच्या आत टेबलमध्ये लिहिलेले असतात पण ते वाचून अमलात आणणारं कुणीतरी लागतं ना. पिलोकडे अक्षरं मांडायची दोन इंजिनं आहेत, एक बेसिक आणि दुसरं रक्म (रोमनमध्ये आर, ए, क्यू, एम). बेसिक म्हणजे एकामागोमाग एक कोड पॉइंट, म्हणजे साठवलेला एकेक तुकडा, उचलायचा, त्याचं चित्र काढायचं, पुढे सरकायचं. इंग्रजीला पुरतं. रक्म ही मधली छोटी लायब्ररी, ती आधी फ्रिबिडीला विचारते मजकुराची दिशा काय, मग हार्फबझकडून अक्षरं जुळवून घेते, आणि मग फ्रीटाइप त्यांची चित्रं काढतं.

आणि रक्म सापडलं नाही तर पिलो काय करतं? गपचूप बेसिकवर जातं. आचारी आला नाही म्हणून पाहुण्यांना काही न सांगता पानात कच्चा शिधा वाढावा तसा प्रकार. माझ्या मते हे डिझाइनच चुकीचं आहे, म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याला फरक पडत नाही हे मान्य, पण ज्याच्या मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आहे त्याला निदान एक वॉर्निंग तरी हवी.

तर पहिलं काम, फॉन्टला हात न लावता पिलोलाच विचारायचं की बाबा तुझ्याकडे आहे काय काय. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा, पीआयएल, म्हणजे कोडमधलं पिलोचं नाव, तेवढं कॅपिटलमध्ये.)

पायथन३ -एम पीआयएल

याने एक लांबलचक रिपोर्ट येतो, त्यात रक्मची ओळ शोधा. सपोर्ट ओके असेल तर त्याच ओळीत रक्म, फ्रिबिडी, हार्फबझ यांचे व्हर्जन नंबर दिसतात. "नॉट इन्स्टॉल्ड" असेल तर तुमचा आजार हाच. कोडमधून बघायचं तर पीआयएल मधलं फीचर्स मॉड्यूल इंपोर्ट करून फीचर्स.चेक("रक्म") प्रिंट करा, ट्रू किंवा फॉल्स येईल.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ही कमांड जिथे इमेज तयार होते *तिथेच* चालवायची. तुमच्या टर्मिनलवर नाही. ॲप कंटेनरमध्ये असेल तर कंटेनरच्या आत शिरून, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर त्याच एन्व्हायर्नमेंटच्या पायथनने, सिस्टिमडी किंवा क्रॉनमधून चालत असेल तर तो सर्व्हिस ज्या पायथनचा पूर्ण पाथ वापरतो त्याच पाथने. उबंटूच्या रिपॉझिटरीतून एप्टने आलेला पिलो वेगळा आणि पिपने टाकलेला वेगळा, दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदत असतात आणि एकाकडे रक्म असतं एकाकडे नसतं. "मी चेक केलं, ट्रू येतंय, तरी अक्षर तुटतंय" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी भलत्याच पायथनला प्रश्न विचारलेला असतो. खात्री करायची तर चेकची ओळ ॲपच्या कोडमध्येच टाका आणि लॉगमध्ये बघा, म्हणजे वादच मिटला.

आता उत्तर फॉल्स का येतं. पिलो ८.२.० पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून, पिपने जे तयार व्हील, म्हणजे आधीच बिल्ड केलेलं पॅकेज, येतं त्यात रक्म आणि हार्फबझ आतच भरलेले असतात. फक्त फ्रिबिडी नसतं. ते तुमच्या सिस्टिमवर असेल तर चालताना शोधून जोडलं जातं, आणि ते मिळालं नाही तर रक्मच बंद, म्हणजे हार्फबझ पोटात असूनही उपाशी. लोक यावर हमखास विचारतात की मराठी डावीकडून उजवीकडेच लिहितात, अरबी-उर्दूसारखी उलटी नाही, मग दिशा ठरवणारी लायब्ररी आपल्याला कशाला. बरोबर आहे, पण रक्म कुठल्याही मजकुराला आधी त्या पायरीवरून नेतंच, भाषा कुठली का असेना.

आणि लॅपटॉपवर का चालतं याचंही उत्तर यातच आहे. डेस्कटॉप उबंटूवर खिडक्या-मेनूंचा मजकूर दाखवायला पँगो नावाची लायब्ररी असते, तिच्यासोबत फ्रिबिडी आधीच आलेलं असतं, तुम्ही काही न करता. सर्व्हरवर डेस्कटॉप नाही, पँगो नाही, फ्रिबिडी नाही. डॉकरमध्ये पायथनची "स्लिम" इमेज (इथे इमेज म्हणजे चित्र नाही, कंटेनरचा साचा) वापरली की हेच होतं, मोठ्या इमेजमध्ये कधीकधी आपोआप चालून जातं कारण तिच्यात बाकी ढीगभर लायब्ररी भरलेल्या असतात, मग कुणीतरी साइज कमी करायला स्लिम लावतो आणि दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं फुटतात, आणि कमिटमध्ये तर मराठीशी संबंधित एक ओळही बदललेली नसते!

डेबियन-उबंटूवर उपाय एका ओळीचा आहे.

एप्ट-गेट इन्स्टॉल लिबफ्रिबिडी०

शेवटी शून्य आहे, ओ नाही. अल्पाइनवर पॅकेजचं नाव नुसतं फ्रिबिडी, एपीके ॲड फ्रिबिडी. डॉकरफाइल मल्टी-स्टेज असेल तर ही ओळ शेवटच्या स्टेजमध्ये पाहिजे, बिल्डरमध्ये टाकून उपयोग नाही कारण तिथून पुढे फक्त पायथनची पॅकेजं कॉपी होतात, सिस्टिमची लायब्ररी मागेच राहते. टाकल्यावर प्रोसेस रीस्टार्ट करा, फ्रिबिडीचा शोध मॉड्यूल लोड होताना एकदाच घेतला जातो, आधीपासून चालू असलेल्या गनिकॉर्नला (पायथनचा वेब सर्व्हर) नंतर आलेलं दिसत नाही.

रूट ॲक्सेस नसलेलं होस्टिंग असेल तर फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून एलडी लायब्ररी पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यावं लागतं, ते पायथन सुरू व्हायच्या *आधी*. कोडमध्ये ओएस.एन्व्हायरॉन वापरून सेट केलं तर ते वाया, लोडरने तोवर आपलं वाचून घेतलेलं असतं. बॅशआरसीमध्ये लिहिलं तरी सिस्टिमडीच्या सर्व्हिसला ते दिसत नाही, युनिट फाइलमध्येच लिहा. ॲमेझॉनच्या लॅम्डावर लेयरच्या लिब फोल्डरमध्ये ती फाइल ठेवली की चालतं, फक्त फंक्शन आर्म प्रोसेसरवर असेल तर फाइलही आर्मचीच हवी.

विंडोजवर जरा कटकट आहे. तिथे फ्रिबिडी.डीएलएल नावाची फाइल विंडोजच्या शोधमार्गावर कुठेतरी असावी लागते, फ्रिबिडी-०.डीएलएल किंवा लिबफ्रिबिडी-०.डीएलएल या नावानेही ओळखली जाते. एमएसवायएस२ वापरत असाल तर त्याच्या पॅकेजमधून मिळते, पाथमध्ये तो फोल्डर टाका किंवा फाइल मूळ पायथन.ईएक्सई शेजारी ठेवा. मूळ म्हणजे जिथे पायथन इन्स्टॉल केलंय तिथे, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ती नुसती पुढे ढकलणारी प्रत असते. पायथन ६४ बिट तर डीएलएल पण ६४ बिट. आणि कृपा करून "डीएलएल फ्री डाउनलोड" वाल्या साइटवरून काही उचलू नका, वेलांटी सरळ करायला जाऊन मशीन वाकडं होईल.

नेटवर शोधलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो, कुणी म्हणतं लिबरक्म टाका, कुणी म्हणतं सोर्समधून बिल्ड करा, कुणी म्हणतं फ्रिबिडी. सगळे आपापल्या काळात बरोबर आहेत. ८.२.० च्या आधीचं पिलो अख्खं रक्मच चालताना बाहेरून शोधायचं, त्यामुळे तेव्हा लिबरक्म टाकणं हेच उत्तर होतं. म्हणून उत्तर वाचण्याआधी तारीख बघा आणि आपल्या पिलोचा नंबर बघा. काही जणांनी पिलो १० मध्ये गेटसाइज फंक्शन काढून टाकल्यामुळे जुना कोड मोडू नये म्हणून ९.५ वर पिन करून ठेवलेलं असतं, चालेल, या प्रॉब्लेमपुरता ९.५ आणि १० मध्ये फरक नाही.

सोर्समधून बिल्ड करायची खरोखर गरज असेल, म्हणजे तुमच्या प्लॅटफॉर्मसाठी तयार व्हीलच नाही वगैरे, तर फ्रीटाइप, हार्फबझ, फ्रिबिडी, रक्म या चौघांची डेव्ह पॅकेजं आधी टाका. ती नसली तरी बिल्ड यशस्वी होतं, हीच तर मजा, पिलो त्यांना ऐच्छिक समजतं. नव्या आवृत्त्यांत पिपला -सी रक्म=इनेबल असं दिलं की रक्म सापडलं नाही तर बिल्ड तिथेच मोडतं, ते द्याच. आणि पिपचं कॅश बंद करा, नाहीतर मघाशी रक्मशिवाय तयार झालेलं व्हील परत तेच उचलून लावेल आणि तुम्ही डेव्ह पॅकेजांना शिव्या घालत बसाल. फ्रीटाइपच सापडलं नसेल तर "इमेजिंगएफटी सी मॉड्यूल इज नॉट इन्स्टॉल्ड" अशी एरर येते, ती बरी, निदान बोलते तरी.

बोलण्यावरून आठवलं, ही गुपचूप पडझड मोठ्याने ओरडायला लावायची एक सोपी युक्ती आहे आणि ती मराठीसाठी तशीही करायलाच हवी. ड्रॉ.टेक्स्ट ला लँग्वेज नावाचं पॅरामीटर आहे, त्यात "एमआर" द्या, मराठीचा कोड. रक्म नसेल तर पिलो आता गप्प बसत नाही, सरळ की-एरर फेकतं, "सेटिंग टेक्स्ट डिरेक्शन, लँग्वेज ऑर फॉन्ट फीचर्स इज नॉट सपोर्टेड विदाउट लिबरक्म". बऱ्याच लोकांना ही एरर आली की ते घाबरून लँग्वेजच काढून टाकतात, म्हणजे एरर गेली आणि तुटकी अक्षरं परत आली. काढू नका, तीच तुमची राखणदार आहे. शिवाय रक्म असेल तर याच पॅरामीटरमुळे फॉन्टमधले मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या जीआरमध्ये आहेत तसे, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. भाषा सांगितली नाही तर बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात. अर्थात फॉन्टमध्ये मराठीची सोय केलेली असली पाहिजे, टिरो देवनागरी मराठी तर याच कामासाठी बनवलेला आहे.

टेस्टमध्ये पकडायचं असेल तर फॉन्ट.गेटलेंग्थ वापरून "क्ष" ची रुंदी मोजा आणि क आणि ष वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज करा. रक्म चालू असेल तर क्ष बेरजेपेक्षा अरुंद येतो कारण ते एकच अक्षर झालेलं असतं. डोळ्यांनी तपासायला माझे ठरलेले शब्द विद्यार्थी, श्री, कार्यक्रम, किल्ला आणि दऱ्याखोऱ्या, यातले पाचही नीट आले तर पुढे जायचं.

रक्म ट्रू आहे, भाषा दिली आहे, तरी काहीतरी विचित्र दिसतंय असं असेल तर नेमकं काय दिसतंय त्यावरून ठरवा. रिकामे चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही, इथे फॉन्ट बदलणं हा खरा उपाय. प्रश्नचिन्हं येत असतील तर तुम्ही बहुधा ओपनसीव्हीचं पुटटेक्स्ट वापरताय, त्याला देवनागरी येतच नाही, पिलोवर या. "à¤" सारखा कचरा, म्हणजे ए च्या डोक्यावर तिरकी रेघ वगैरे असलेली युरोपी अक्षरं, दिसत असतील तर नावांची सीएसव्ही चुकीच्या एन्कोडिंगने वाचली गेलीय, विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग द्यायचं राहिलं की हे होतं, यूटीएफ-८-सिग द्या, एक्सेलने फाइलच्या सुरुवातीला चिकटवलेली बीओएम नावाची अदृश्य खूण पण त्यात निघून जाते. "कॅनॉट ओपन रिसोर्स" म्हणजे फॉन्टची फाइलच सापडली नाही. विंडोजवर मंगल.टीटीएफ एवढं नाव दिलं तरी पिलो फॉन्टच्या फोल्डरमध्ये जाऊन आणतं, लिनक्सवर मंगल मुळात नसतोच, आणि तिथे फाइलच्या नावात लहान-मोठी लिपी पण जुळावी लागते. विंडोजमधून मंगल उचलून सर्व्हरवर टाकायच्या भानगडीत पडू नका, लायसन्सचा प्रश्न येतो, नोटो किंवा मुक्ता ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि पूर्ण पाथ द्या, कारण क्रॉनमधून चालवलं की चालू फोल्डर भलताच असतो.

ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल आणि त्याला काना किंवा वेलांटी लोंबकळत असेल तर अभिनंदन, रक्म चालू आहे. ते वर्तुळ हार्फबझ काढतं, त्याला मात्रा मिळाली पण ती ज्यावर बसायची ते अक्षर मिळालं नाही. म्हणजे तुमच्याच कोडने शब्द मधेच कापलाय. ओळ मावत नाही म्हणून पहिली वीस कॅरेक्टर घेतली आणि विसावं नेमकं क आणि एकविसावं वेलांटी, की झालं. टेक्स्टरॅप पण लांब शब्द असेच तोडतं. अक्षरांत अंतर सोडायला एकेक कॅरेक्टर लूपमध्ये काढणारे पण यातच सापडतात. ओळी शब्दांवर तोडा, रुंदी कॅरेक्टर मोजून नाही तर गेटलेंग्थने पिक्सेलमध्ये मोजा.

अजून एक खास आपला घोळ, ऱ्य चा. काही जुने कीबोर्ड आणि कन्व्हर्टर हे अक्षर र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर असं लिहितात, तो जॉइनर म्हणजे यू+२००डी, दिसत नाही पण काम करतो. डेटा साफ करणाऱ्या कोडने "अदृश्य कॅरेक्टर काढा" म्हणून तो काढला की ऱ्य चा र्य होतो आणि आचाऱ्यांचा सत्कार आचार्यांचा सत्कार होऊन बसतो. एरर नाही, वर्तुळ नाही, शब्द पण शुद्ध, फक्त माणूस बदलला. साफसफाईच्या यादीतून २००सी (त्याचा जोडीदार, झिरो-विड्थ नॉन-जॉइनर) आणि २००डी दोन्ही वगळा.

वर्डक्लाउड (जास्त आलेले शब्द मोठे दाखवणारं चित्र बनवणारी) लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी, ती आतून पिलोच वापरते त्यामुळे वरचं सगळं तिलाही लागू, फॉन्ट पाथ पण द्यावाच लागतो कारण तिच्या सोबतच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. पण हे सगळं करूनही क्लाउडमध्ये मधोमध मोठ्ठं "मर" आणि शेजारी "मह" आलं तर दचकू नका, ते मराठी आणि महाराष्ट्र आहेत. तिचं डीफॉल्ट रेग्युलर एक्स्प्रेशन शब्द ओळखायला बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतं आणि पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये त्यात काना-मात्रा-हलन्त मोडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि उरलेलं एकेकटं अक्षर फेकून दिलं जातं. रेगेक्सपी पॅरामीटरमध्ये यू+०९०० ते यू+०९७एफ ही रेंज आणि सोबत २००सी, २००डी द्या. या रेंजमध्ये दंड, म्हणजे ओळीच्या शेवटची उभी रेघ, पण येतो, मजकुरात कविता किंवा श्लोक असतील तर ०९६४ आणि ०९६५ तेवढे बाहेर ठेवा, नाहीतर दंड शेवटच्या शब्दाला चिकटून त्याचा वेगळाच शब्द मोजला जाईल.